पाणथळ वनस्पतींचं वर्णन कसं लिहावं: पुण्यातल्या नवशिक्यांसाठी

पाषाण तलावाच्या काठावर गुलाबी फुलोऱ्याची एखादी वनस्पती दिसते, आपण मोबाईलवर तिचा फोटो काढतो आणि घरी येऊन नाव शोधायला बसतो. फोटोत फुलोरा छान आलेला असतो. पण ती शेरल आहे की तिच्याच कुळातली दुसरी कुणी, हे सांगणारी खूण पेराभोवतीच्या पातळ नळीवर असते आणि ती फोटोत नसते. पाणथळ जागांमध्ये हे वारंवार घडतं. ओळखीची खूण पेरावर, आवरकात (पानाच्या खोडाला वेढणाऱ्या खालच्या भागात), पानाच्या खालच्या बाजूला नाहीतर पाण्याखालच्या मुळांत असते. म्हणून माझा आग्रह असा की नाव शोधण्याआधी वनस्पतीचं वर्णन लिहा. ठरावीक क्रमाने, ठरावीक शब्दांत आणि जागेवरच.

वर्णनाचे शब्द मराठीत आहेत आणि त्यांतले बरेचसे आपण शाळेत शिकलेलोही आहोत. एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. फुलाच्या बाहेरच्या हिरव्या मंडलाला पाठ्यपुस्तक निदलपुंज म्हणतं, तर मराठी विश्वकोश संवर्त म्हणतो. पाकळ्यांच्या मंडलाला एकीकडे दलपुंज, दुसरीकडे पुष्पमुकुट. दोन्ही बरोबर आहेत. वहीत मात्र एकच संच वापरा, नाहीतर सहा महिन्यांनी स्वतःचंच लिखाण कळत नाही. मी इथे बहुतेक ठिकाणी पाठ्यपुस्तकातले शब्द वापरतो आहे.

१. कुठे, कधी आणि काय घेऊन

सुरुवातीला पाषाण तलाव, आंबेगावजवळचा जांभूळवाडी तलाव, खडकवासल्याच्या फुगवट्याचा काठ किंवा सोलापूर रस्त्यावरचं कवडीपाट, यांतली घराजवळची एकच जागा निवडा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. एकाच तलावाचा काठ भाद्रपदात, मार्गशीर्षात आणि चैत्रात पाहिला की फूल, फळ आणि सुकलेलं खोड अशा तिन्ही अवस्था हाती लागतात. सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ सर्वांत चांगला. खडकाळ पठारांवरची डबकी मात्र याला अपवाद. तिथली गेंद आणि सीतेची आसवं पावसाळ्यातच पाहावी लागतात.

जायचं ते सकाळी. निळं कुमुद सकाळी उघडतं आणि दुपारनंतर मिटतं. त्याच्याच गणातलं रात्री फुलणारं कुमुद ऊन चढलं की मिटायला लागतं. नऊच्या आत पोचलात तर दोन्ही पाहता येतात.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, पेन्सिल, वही आणि पांढऱ्या रंगाची खोलगट ताटली घ्या. ताटली नवीन लोक हमखास विसरतात. पाण्याखालच्या वनस्पती बाहेर काढल्या की चिकटून लगदा होतात. ताटलीत पाणी घालून त्यात सोडल्या की पानांची मांडणी पुन्हा मोकळी होते.

काळजीचे मुद्दे थोडेच, पण गंभीर. मुळा-मुठेच्या पात्रात सांडपाणी येतं. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, गमबूट घाला, घरी येऊन साबणाने हात-पाय धुवा. लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून होतो. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग सुरू असेल तर नदीपात्रात जायचंच नाही. आणि जलपर्णीचा किंवा जलवेलींचा तुकडा बुटाला, बादलीला चिकटून दुसऱ्या तलावात जाणार नाही, एवढं पाहा. यांतल्या कित्येक वनस्पती एका पेरापासूनही नव्याने वाढतात. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काहीही तोडू नका. तिथे वर्णन आणि फोटोवर भागवा.

२. आधी पाणी बघा, मग वनस्पती

वहीतली पहिली ओळ वनस्पतीचं पाण्याशी नातं सांगणारी असावी. त्यासाठी पाच शब्द पुरतात.

निमज्जित म्हणजे पूर्ण पाण्याखाली राहणारी. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया या अशा. मुक्त तरंगणारी म्हणजे मुळं मातीत न रोवता पाण्यावर फिरणारी, जसं जलपर्णी, पिस्टिया, लेम्ना. रुजलेली तरंगपर्णी म्हणजे मुळं तळात आणि पानं पाण्याच्या पृष्ठभागावर, जसं कुमुद. उन्मज्जी म्हणजे पाय पाण्यात आणि धड हवेत, जसं पाणकणीस. आणि काठावरची, म्हणजे ओल्या चिखलात उगवणारी, कधी पाणी चढलं तर बुडणारी: माका, ब्राह्मी, कोळसुंदा.

शिंगाडा या पाचांत सहज बसत नाही. त्याची पानं पाण्यावर गुच्छात पसरलेली आणि देठ फुगीर, त्यामुळे तो मुक्त तरंगणारा वाटतो. खाली मात्र लांब खोड तळापर्यंत गेलेलं असतं. अशा वेळी शब्दासाठी अडू नका. "गुच्छ पाण्यावर, खोड तळाशी रुजलेलं" असं सरळ लिहा. परिभाषा नेमकेपणासाठी आहे. साध्या वाक्याने तो येत असेल तर साधं वाक्य लिहावं.

याच ओळीत पाण्याची अंदाजे खोली लिहा, पाणी वाहतं की साचलेलं तेही लिहा. ही ओळ राहून गेली तर पुढचं पानाचं वर्णन फसवं ठरू शकतं. कारण पाण्यातली पानं आणि हवेतली पानं एकाच वनस्पतीवर निराळी असू शकतात. याला विषमपर्णता म्हणतात. अंबुलीच्या काही जातींत पाण्याखालची पानं केसासारखी बारीक चिरलेली असतात, तर त्याच खोडाच्या पाण्यावर आलेल्या भागात अखंड, दातेरी पानं असतात. फक्त वरचा शेंडा तोडून आणला तर अर्धीच वनस्पती हाती येते. म्हणून पानाचं वर्णन दोन वेळा लिहायची सवय लावा: पाण्यातलं पान, हवेतलं पान.

३. पेरावर थांबा

खोडावर जिथे पान फुटतं ती जागा म्हणजे पेर, आणि दोन पेरांमधला भाग म्हणजे कांडं. नवशिक्यांची नजर फुलावर जाते. माझ्या मते भिंग पहिल्यांदा लावायचं ते पेराला.

पहिला प्रश्न, एका पेरावर पानं किती? एकच असेल आणि पुढच्या पेरावरचं दुसऱ्या बाजूला असेल तर ती मांडणी एकांतरित. दोन समोरासमोर असतील तर संमुख. तीन किंवा जास्त असतील तर मंडलित. पेरं दिसतच नसतील आणि सगळी पानं बुडातूनच निघत असतील तर मूलज पानं असं लिहा.

एवढ्या एका प्रश्नावर पाण्याखालच्या वनस्पतींचा अर्धा गोंधळ मिटतो. गावात या सगळ्यांना शेवाळ म्हणतात, पण खरं शेवाळ वेगळं. त्याला खोड-पान नसतं. हायड्रिलाची पानं मंडलित, बहुधा एका पेरावर चार ते आठ, लहान, साधी, कडेला बारीक दाते. सेरॅटोफायलमची पानंही मंडलितच, पण प्रत्येक पान टोकाकडे दुभंगत गेलेलं आणि वनस्पतीला मुळंच नाहीत. व्हॅलिस्नेरियाची पानं मूलज, लांब फितीसारखी. पोटॅमोजेटॉनची एकांतरित. ताटलीतल्या पाण्यात सोडा, पेर बघा, पानं मोजा. मिनिटभराचं काम आहे.

व्हॅलिस्नेरिया सापडली तर जरा रेंगाळा. तिची नर आणि मादी फुलं वेगळ्या झाडांवर येतात. मादी फूल लांब, बारीक दांड्यावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं. नर फुलं बुडाशी तयार होतात, सुटी होतात आणि तरंगत वर येऊन मादी फुलाला भिडतात. परागण झालं की मादी फुलाचा दांडा मळसूत्रासारखा गुंडाळून फळाला खाली ओढून घेतो. दांडा सरळ आहे की गुंडाळलेला, हे वर्णनात आवर्जून लिहा. त्यावरून फूल कोणत्या अवस्थेत आहे ते कळतं.

पेरावरचा दुसरा प्रश्न, पानाशिवाय तिथे आणखी काय आहे? देठाच्या बुडाशी असलेल्या पानासारख्या जोडावयवांना उपपर्णं म्हणतात. शेरलच्या कुळात ही उपपर्णं जुळून खोडाभोवती पातळ, पापुद्र्यासारखी नळी होते. तिला ऑक्रिया म्हणतात. नळी दिसली की कूळ बहुतेक नक्की झालं. आता भिंगातून नळीची वरची कड पाहा. शेरलच्या नळीची कड गुळगुळीत असते. पर्सिकेरिया बार्बाटा या जातीत तिच्या कडेला लांब, ताठ केसांची झालर असते.

कोळसुंद्याच्या पेरावर सरळ, पिवळसर काटे असतात, बहुधा सहा, आणि त्यांच्या भोवती निळ्या-जांभळ्या फुलांचा गराडा. ते काटे मोजून लिहा. नाळीच्या भाजीच्या पेरांवर मुळं फुटलेली असतात आणि कांडी पोकळ असतात. पेरावर फुटणाऱ्या अशा मुळांना आगंतुक मुळं म्हणायचं. खोड आडवं कापून भरीव की पोकळ तेही पाहा. ही नोंद फोटोत कधीच येत नाही.

४. पान

पानाचे भाग तीन: देठ, पातं आणि पर्णतल. देठ नसेल तर पान बिनदेठी. पात्याचा आकार, टोक, कड, शिरा आणि दोन्ही बाजूंचे केस या क्रमाने लिहा आणि लांबी-रुंदी पट्टीने मोजा. "मोठं पान" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

आकाराचे शब्द: लांब आणि अरुंद, दोन्ही कडा समांतर असतील तर रेषाकृती. बुडाकडे रुंद आणि टोकाकडे निमुळतं होत गेलेलं लांबट पान भालाकृती. त्याहून रुंद असेल तर अंडाकृती. बुडाशी खाच असेल आणि तिचे कान गोल असतील तर हृदयाकृती. कान टोकदार आणि खाली वळलेले असतील तर बाणाकृती. रुंदी लांबीपेक्षा जास्त आणि बुडाशी खाच, तर वृक्काकृती. आणि देठ पात्याच्या कडेला न जोडता खालच्या बाजूला आत कुठेतरी जोडलेला असेल तर छत्राकृती.

छत्राकृती हा शब्द नीट समजला की कमळ आणि कुमुद यांची गल्लत थांबते. कमळाचं पान छत्राकृती, जवळजवळ गोल, कुठेही चीर नसलेलं. पाणी पडलं तर थेंब होऊन घरंगळतं. पहिली पानं पाण्यावर पसरलेली आणि नंतरची पाण्याच्या वर उभी. देठावर बारीक काटेरी खुणा हाताला लागतात. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत गेलेली खोल चीर असते आणि पान पाण्यावर तरंगतं. फुलावरूनही दोघं वेगळी करता येतात, पण पानावरून वर्षभर करता येतात.

कुमुदांमध्ये आणखी बारकाई हवी. पानाची कड अखंड किंवा जराशी तरंगित आणि खालची बाजू गुळगुळीत, तर निळ्या कुमुदाकडे झुका. कड ठळक दंतुर आणि खालची बाजू लवदार, तर ते रात्री फुलणारं, पांढरं ते गुलाबी कुमुद. म्हणजे पान उलटं करून बोट फिरवल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि लहान, पांढऱ्या, झालरीसारख्या पाकळ्यांची, मध्ये पिवळी अशी फुलं दिसली तर ते कुमुद नव्हेच. ती निम्फॉइडिस, तिचं कूळही वेगळं. तिची फुलं पानाच्या देठातूनच निघाल्यासारखी दिसतात.

ब्राह्मीच्या नावाने दोन वनस्पती विकल्या जातात. बकोपाची पानं संमुख, लहान, मांसल, बिनदेठी. मंडूकपर्णीची लांब देठाची, वृक्काकृती, जमिनीवर पसरणाऱ्या खोडाच्या पेरांवरून निघालेली. औषधासाठी गोळा करणाऱ्यांनी तरी हे दोन-तीन शब्द पाठ करावेतच.

जलपर्णीच्या देठाचं वर्णन विसरू नका. मोकळ्या पाण्यात तिचे देठ फुगीर, स्पंजासारखे असतात. कापून पाहिलं तर आत हवेच्या पोकळ्या दिसतात. त्या ऊतीचं नाव वायूतक. दाटीत वाढलेल्या जलपर्णीचे देठ लांब आणि कमी फुगीर असतात. त्यामुळे फुगीर देठ नाही म्हणून ती जलपर्णी नाही, असं समजू नका. मूळची ती दक्षिण अमेरिकेतली.

लेम्नासारख्या टिकलीएवढ्या वनस्पतींना खोड-पान असा भेद लावताच येत नाही. तिथे एकच करा: उलटी करून मुळं मोजा. एका टिकलीला एकच मूळ तर लेम्ना, अनेक मुळांचा झुबका तर स्पायरोडेला, मूळच नाही आणि आकार एखाद्या मिलिमीटरहून लहान तर वुल्फिया. जगातली सर्वांत लहान फुलझाडं या वुल्फियाच्या गणातली आहेत.

५. काठावरचं हिरवं, ज्याला सगळे गवत म्हणतात

इथे नवशिके हात टेकतात, पण इथेच शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे. तलावाकाठच्या गवतासारख्या दिसणाऱ्या वनस्पती निदान तीन कुळांतल्या असतात: गवत, लव्हाळा आणि पाणकणीस. फुलोरा नसतानाही त्या वेगळ्या करता येतात.

खोड दोन बोटांत धरून फिरवा. तीन कडा लागल्या तर लव्हाळ्याचं कूळ असण्याची शक्यता मोठी. गोल लागलं तर घाई नको, कारण या कुळातही गोल खोडाच्या जाती आहेत. मग खोड कापा. लव्हाळ्याचं बहुधा भरीव, गवताच्या कांड्यांचं बहुधा पोकळ. गवताची पेरं ठसठशीत फुगलेली असतात, लव्हाळ्याची सहसा दिसत नाहीत.

आता पानांच्या रांगा. शेंड्यावरून सरळ खाली पाहा. दोन रांगांत पानं असतील तर गवत, तीन रांगांत असतील तर लव्हाळा. मग आवरक पाहा. आवरक म्हणजे पानाचा खोडाला वेढणारा खालचा भाग. गवताचं आवरक बहुधा एका बाजूने उघडं असतं, लव्हाळ्याचं बंद नळीसारखं. गवतात आवरक आणि पातं मिळतात तिथे आतल्या बाजूला छोटा पापुद्रा किंवा केसांची रांग असते. ती जिव्हिका. पात्याला हलकेच मागे वाकवलं की दिसते. तिची उंची मोजा, पापुद्रा की केस हे लिहा. गवतांची जात ओळखायला पुढे ती लागतेच.

पाणकणसाची पानंही दोन रांगांत असतात, पण जाड, आतून स्पंजासारखी आणि माणसाच्या उंचीपेक्षाही वर जाणारी. त्याचा तपकिरी दंडगोल ही मादी फुलं असतात आणि त्यांच्या वर नर फुलांचा भाग, जो लवकर झडून जातो. जातींच्या ओळखीसाठी दोन्ही भागांच्या मध्ये मोकळा दांडा आहे का आणि असल्यास किती मिलिमीटर, हे मोजायला हवं.

लव्हाळ्यांच्या फुलोऱ्यात सर्वांत लहान एकक म्हणजे कणिशक. त्यातला प्रत्येक खवला म्हणजे तुष. फुलोऱ्याच्या बुडाशी पानांसारखी छदं असतात. ती किती आणि फुलोऱ्यापेक्षा लांब की आखूड, एवढं सुरुवातीला पुरे. लव्हाळ्यांची जात फळावरून ठरते. पिकलेलं फळ मिळेपर्यंत वहीत "लव्हाळ्याचं कूळ" एवढंच लिहून पुढे गेलात तरी चालेल.

६. फुलोरा आणि फूल

दांड्यावर बिनदेठी फुलं असतील तर कणिश, प्रत्येक फुलाला देठ असेल तर मंजरी. फुलं एकत्र दाटून एकाच फुलासारखी दिसत असतील तर स्तबक. माका आणि गेंद यांचा असा. रानटी अळवाला फुलोरा आलेला मिळाला तर त्याभोवतीचं मोठं छद म्हणजे महाछद आणि आतला जाड दांडा म्हणजे स्थूलकणिश.

फुलोऱ्याचा दांडाही मोजा. कांचरीची पांढरी, गोल डोकी पानाच्या बगलेत चिकटून बसतात. तिच्याच गणातली, दक्षिण अमेरिकेतून आलेली आणि पाण्यावर दाट चटया करणारी अल्टरनँथेरा फिलॉक्झरॉइडिस हिची डोकी काही सेंटिमीटर लांब दांड्यावर असतात आणि खोड पोकळ. एक आपली, एक आक्रमक, आणि फरक एका दांड्याचा.

फुलात चार मंडलं बाहेरून आत लिहा: निदलपुंज, दलपुंज, पुमंग (पुंकेसरांचं मंडल), जायांग (स्त्रीकेसरांचं मंडल). बाहेरची दोन वेगळी ओळखू येत नसतील तर परिदल असा एकच शब्द. जलपर्णीला सहा परिदलं, वरच्यावर पिवळा ठिपका. फुलाचे कसेही दोन सारखे भाग पडत असतील तर नियमित, एकाच रेषेत पडत असतील तर एकसमात्र. कोळसुंद्याचं फूल द्व्योष्ठक, म्हणजे दोन ओठांचं. सीतेच्या आसवांना मागे शुंडिका असते, म्हणजे पोकळ, टोकदार नळी. तिची दिशा आणि लांबी लिहा. पाणलवंगेत पाकळ्यांच्या खालचा लांबट भाग देठ नसतो. तो किंजपुट, म्हणजे पुढे ज्याचं फळ होतं तो भाग असतो, आणि पाकळ्यांच्या खाली असल्याने त्याला अधःस्थ म्हणायचं.

फळाबद्दल रंग, लांबी, बिया किती आणि पक्व झाल्यावर फुटतं की नाही, इतकं पुरेल.

७. एक पूर्ण वर्णन

सगळं एकत्र केलं की वहीतली नोंद साधारण अशी दिसते:

"उन्मज्जी, साचलेलं पाणी, खोली सुमारे २० सेंमी. उंची ९० सेंमी. खोड उभं, लालसर, गुळगुळीत, पेरं फुगीर, खालच्या पेरांवर आगंतुक मुळं. पानं एकांतरित, आखूड देठाची, भालाकृती, १२–१६ × २–३ सेंमी, टोक लांब निमुळतं, कड अखंड, दोन्ही बाजू गुळगुळीत. ऑक्रिया नळीसारखी, २ सेंमी, कडेला केस नाहीत. फुलोरा शेंड्याला, बारीक मंजरींचा. फुलं गुलाबी, परिदलं पाच. फळ लहान, चपटं, चकचकीत, गडद तपकिरी."

हे शेरलचं वर्णन आहे. यात शेरल हा शब्द कुठेच नाही, तरी ज्याला ती माहीत आहे तो वाचता वाचता ओळखेल. वनस्पतिकोशातली ओळखकिल्लीही अशाच प्रश्नांवर चालते: पानं संमुख की एकांतरित, ऑक्रियाला केस आहेत की नाहीत. उत्तरं वहीत तयार असतील तर किल्ली झपाट्याने पुढे सरकते. पुण्यात असण्याचा एक मोठा फायदाही आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र १९५५ पासून इथे आहे आणि आघारकर संशोधन संस्थेतही वनस्पतिसंग्रह आहे. आधी पत्र किंवा ईमेल पाठवून परवानगी मागा आणि सोबत असं वर्णन जोडा. नुसत्या फोटोपेक्षा त्याला उत्तर देणं जाणकाराला कितीतरी सोपं जातं.

८. नमुना सुकवायचा असेल तर

काठावरच्या वनस्पती वर्तमानपत्रांच्या घडीत दाबून नेहमीसारख्या सुकतात, फक्त पहिले काही दिवस कागद रोज बदला, कारण पाणी फार असतं. जाड देठ उभे चिरून ठेवा. निमज्जित वनस्पतींसाठी पद्धत वेगळी. ताटलीत पाणी घ्या, त्यात वनस्पती मोकळी पसरू द्या, तिच्याखाली जाड पांढरा कागद सरकवा आणि एका बाजूने हळूच तिरका उचला. पानं पसरलेली तशीच कागदावर बसतात. वर जुन्या मलमलचा तुकडा ठेवून मग दाबा, म्हणजे वर्तमानपत्र चिकटत नाही. फुलांचा रंग सुकल्यावर टिकत नाही. तो ताजा असतानाच चिठ्ठीवर लिहा, आणि त्यासोबत तारीख, जागा, पाण्याची खोली आणि खोड पोकळ होतं की भरीव तेही.